हिंजवडीत बसून ध्रुवांचं काम: सुरुवात कशी कराल?

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाशी डेंजर आयलंड्स नावाची छोटी बेटं आहेत. भोवतीचा सागरी बर्फ उन्हाळ्यातही इतका दाट असतो की जहाजं तिकडे क्वचितच वळतात. तिथे पेंग्विनची मोठी वसाहत असावी हे कळलं ते लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांमधून विष्ठेचे डाग शोधणाऱ्या एका संगणकीय पद्धतीमुळे. हीदर लिंच आणि मॅथ्यू श्वॉलर या शास्त्रज्ञांना सुरुवातीला तो पद्धतीतला दोषच वाटला. अधिक स्पष्ट चित्रं पाहिल्यावर खात्री पटली, डिसेंबर २०१५ मध्ये पथक तिथे पोहोचलं, ड्रोनने छायाचित्रं घेतली गेली आणि २०१८ मध्ये आकडा प्रसिद्ध झाला: ॲडेली पेंग्विनच्या ७,५१,५२७ जोड्या, म्हणजे पंधरा लाखांहून अधिक पक्षी. बर्फावर पाऊल पडण्याआधी हा शोध संगणकाच्या पडद्यावर लागला होता.

ही हकिकत हिंजवडीकरांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चित्रांतून वस्तू ओळखणं, अवाढव्य डेटा साफ करणं, प्रोग्रॅममधला दोष कोणता आणि खरी नोंद कोणती हे हुडकून काढणं, हे राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिन्ही फेजमध्ये हजारो जणांचं रोजचं काम आहे. ध्रुवीय विज्ञानाला आज नेमक्या याच कौशल्यांची निकड आहे. उपग्रह, स्वयंचलित कॅमेरे आणि समुद्रात सोडलेली उपकरणं यांतून माहिती अखंड येते आहे. ती बघायला आणि तपासायला माणसं मात्र कमी पडतात. हवामानबदलाची मनापासून काळजी वाटते, पण इतक्या दूरच्या प्रश्नात आपण काय करणार असं वाटून जे थांबले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सोप्या कामापासून अवघड कामाकडे, या क्रमाने पुढे जाऊ.

आधी आपला संबंध समजून घ्या

शिवाजीनगरचं सिमला ऑफिस माहीत नसलेला पुणेकर विरळा. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच एक निरीक्षण मांडलं होतं: हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा पाऊस कमी होण्याकडे कल असतो. दूरचा बर्फ आणि आपला पाऊस यांची सांगड घालण्याची ही परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

आता ही सांगड थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचली आहे. गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. एनसीपीओआर या नावाने ते ओळखलं जातं. तिथल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांचा संबंध त्यात तपासला आहे. बर्फ हटला की उघडं पाणी उष्णता शोषतं, वरच्या थरांतल्या वाऱ्यांची घडी बदलते, हा बदल लाटेसारखा वायव्य युरोपवरून आशियाकडे सरकतो. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्पाचा पुरवठा वाढतो आणि परतीच्या तोंडावरचा पाऊस धोधो कोसळतो. हा संभाव्य दुवा आहे, अंतिम निकाल नाही. पण मुळेच्या काठावर राहणाऱ्या आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून घर गाठणाऱ्या माणसाला आर्क्टिक परकं मानता येणार नाही, इतकं यातून नक्की कळतं.

दुसरा संबंध समुद्राच्या पातळीचा. इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आधीच दूर करा. पाण्यावर तरंगणारा सागरी बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. ती वाढते जमिनीवरचा बर्फ समुद्रात गेल्यावर. घरात मुलांना हे सहज दाखवता येतं. एका भांड्यातल्या पाण्यात बर्फाचे खडे तरंगत ठेवा, दुसऱ्या भांड्यात पाण्याबाहेर डोकावणारा दगड ठेवून त्यावर तितकेच खडे रचा. दोन्हीकडे पातळीची खूण करा आणि बर्फ वितळल्यावर पाहा. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर समुद्र सरासरी ५८ मीटर चढवू शकेल इतका बर्फ आहे, ग्रीनलंडवर सुमारे ७ मीटरइतका. हा सगळा बर्फ उद्या वितळणार नाही. पण त्याचा लहानसा अंश गेला तरी मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्याला तो जाणवेल. शिवाय बर्फाचं वजन घटलं की त्याचं गुरुत्वाकर्षणही घटतं, जवळचं पाणी ओसरतं आणि दूरच्या किनाऱ्यांवर वाढ सरासरीपेक्षा जास्त होते. अंटार्क्टिकाच्या बाबतीत दूरचे किनारे म्हणजे आपण.

पहिला महिना: पेंग्विन मोजा

सगळ्यात सोपी सुरुवात झूनिव्हर्स या संकेतस्थळावर करता येते. तिथे शास्त्रज्ञ सामान्य माणसांकडून छायाचित्रं तपासून घेतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सुरू केलेला पेंग्विन वॉच हा त्यातला गाजलेला प्रकल्प. वसाहतींजवळ बसवलेले कॅमेरे वर्षभर ठरावीक वेळाने छायाचित्रं घेतात आणि स्वयंसेवक त्यातले प्रौढ पक्षी, पिल्लं आणि अंडी यांवर खूण करतात. त्यावरून वीण कधी सुरू झाली, किती पिल्लं जगली, हे कळतं. या खुणांवरच पुढे संगणकालाही शिकवलं जातं. तुम्ही पाहाल तेव्हा ध्रुवांशी संबंधित कोणते प्रकल्प चालू आहेत, ते तिथल्या यादीत शोधा.

हे काम करताना तीन गोष्टी पाळा. दिसतं तेवढंच खुणवा, दगडाआड आणखी एक असेल असा अंदाज बांधू नका. एकच छायाचित्र अनेकांना दाखवून सगळ्यांच्या खुणांचा मेळ घातला जातो, म्हणून चुकण्याच्या धास्तीने अडखळू नका. आणि रिकाम्या छायाचित्राला कंटाळून ते सोडून देऊ नका. पक्षी नसणं हीदेखील नोंद आहे.

या मोजणीत काय पणाला लागलं आहे, ते एका घटनेवरून लक्षात येईल. एम्परर पेंग्विन किनाऱ्याला चिकटलेल्या सागरी बर्फावर पिल्लं वाढवतात. पिल्लांच्या अंगावर पाणी न शिरणारी पिसं येईपर्यंत तो बर्फ टिकावा लागतो. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझेन समुद्रातला बर्फ लवकर फुटला. तिथल्या पाच वसाहतींपैकी चारांमध्ये त्या हंगामातलं एकही पिल्लू वाचलं नसावं, असा निष्कर्ष ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी काढला. त्यांचा आधार होता उपग्रहाची चित्रं. बर्फावरचा तपकिरी डाग दिसत होता तोवर वसाहत होती. बर्फ फुटला आणि डागही गेला.

पुढची पायरी: डेटा उघडा

प्रोग्रॅमिंग येत असेल तर इथे तुमची खरी गरज आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय हिम आणि बर्फ डेटा केंद्राची सागरी बर्फाची दैनंदिन आकडेवारी सर्वांना मोफत मिळते. उपग्रहांनी ती १९७८ च्या अखेरीपासून जमवली आहे. पायथॉन आणि एखादी साधी सीएसव्ही फाइल एवढ्या भांडवलावर पहिल्याच दिवशी आर्क्टिकच्या सप्टेंबरमधल्या बर्फाचा आलेख काढता येतो. १७ सप्टेंबर २०१२ चा नीचांक त्यात ठळक दिसेल, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. मग अंटार्क्टिकाचा आलेख काढा. तो वेगळाच वागतो. २०१४ पर्यंत तिथला बर्फ किंचित वाढत होता, त्यानंतर दोनेक वर्षांत तो झपाट्याने घसरला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. दोन ध्रुवांना एकच नियम लावून बोलणाऱ्यांना दाखवायला हे दोन आलेख पुरेसे आहेत.

भारतीय बाजूने पुण्याच्या हवामान विभागाची पावसाची चौकटवार आकडेवारी घ्या. पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींत देशभरातला रोजचा पाऊस १९०१ पासून तिथे आहे. एनसीपीओआरच्या राष्ट्रीय ध्रुवीय डेटा केंद्रात भारतीय मोहिमांच्या नोंदींची सूची आहे. हवेचा दाब, वारे, तापमान यांसाठी युरोपचा ईआरए-५ हा संच १९४० पासूनची तासागणिक माहिती देतो. कारा समुद्र, अरबी समुद्र आणि आपला सह्याद्री हे तिन्ही त्यामुळे एकाच पडद्यावर मांडता येतात.

आता खबरदारी. कामाचा डेटा हाताळणारी हुशार माणसंही ध्रुवीय डेटा पहिल्यांदा उघडतात तेव्हा ठरावीक ठिकाणी फसतात.

पहिली जागा व्याख्येची. बर्फाचा विस्तार मोजताना ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ आहे ती पूर्ण धरतात, क्षेत्रफळ मोजताना प्रत्यक्ष बर्फाचा वाटाच धरतात. दोन्ही आकडे एकाच आलेखात मिसळू नका.

दुसरी जागा नकाशाची. अक्षांश-रेखांशाच्या चौकटी ध्रुवाकडे अरुंद होत जातात. ८० अंशांवर एक चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या जेमतेम १७ टक्के भरते. सरासरी काढताना त्या प्रमाणात वजन दिलं नाही तर उत्तर सपशेल चुकतं.

तिसरी जागा खंडांची. १९८७ पर्यंतचा उपग्रह एक दिवसाआड माहिती द्यायचा आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत तर नोंदच नाही. रिकाम्या दिवशी शून्य भरलं की काही आठवडे आर्क्टिक बर्फमुक्त झाल्याचा भलताच देखावा तयार होतो.

चौथी जागा सर्वांत घातक, ती म्हणजे संबंध जुळवण्याची घाई. बर्फ कमी होतो आहे आणि गेल्या चार दशकांत आपल्याकडच्याही कितीतरी गोष्टी एकाच दिशेने बदलल्या आहेत. दोन उतरते-चढते कल एकमेकांशेजारी ठेवले की सहसंबंध फार मोठा दिसतो, त्याचा अर्थ मात्र काहीच नसतो. म्हणून आधी दोन्हींतला दीर्घकालीन कल वजा करा, मग उरलेल्या वर-खालीची तुलना करा. वीस समुद्र आणि बारा महिने तपासून त्यातली एकच जुळणी दाखवली तर ती योगायोगाने जुळलेली असण्याची शक्यता दाट असते. किती तुलना केल्या ते नेहमी सांगा. आणि वाऱ्यांच्या कोणत्या मार्गाने हा परिणाम इथवर येतो, याचं उत्तर नसेल तर निष्कर्ष जाहीर करू नका. हवामानबदल खरा आहे, म्हणूनच त्याच्या नावावर कच्चे दावे खपवणं अधिक नुकसानीचं ठरतं.

आलेख नीट जमले की ते मराठीत समजावून सांगा, सोसायटीत, शाळेत, कंपनीच्या सभागृहात. स्वतः डेटा हाताळलेल्या शेजाऱ्याने सांगितलेली गोष्ट लोकांच्या मनात जास्त ठसते.

कवडीपाट आणि भिगवण: दाराशी आलेलं आर्क्टिक

संगणकाला चिकटून बसायचं नसेल तर दुर्बीण घ्या. लिटल स्टिंट, म्हणजेच छोटा टिलवा, हा जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा पक्षी नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सायबेरियापर्यंतच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्यासाठी आपल्याकडे उतरतो. पुण्याजवळ सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवरचं कवडीपाट आणि उजनी जलाशयाच्या काठचं भिगवण या ठिकाणी चिखलात चोच खुपसत धावणारे त्याचे थवे दिसतात. पावसाळा सरताना ते येऊ लागतात आणि उन्हाळ्यात परततात.

आर्क्टिक गेल्या चार दशकांत जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं आहे. बर्फ लवकर वितळतो, कीटकही लवकर बाहेर पडतात. पिल्लं अंड्यांतून येईपर्यंत कीटकांचा भर ओसरलेला असेल तर त्यांची उपासमार होते. एखाद्या वर्षी लेमिंग हे उंदरासारखे प्राणी घटले की ध्रुवीय कोल्हे पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करतात. तिकडच्या हंगामाचा हिशोब इकडच्या तळ्यांवरच्या गणतीतूनही लागतो, कारण टुंड्रा अफाट आहे आणि तिथे मोजायला माणसं नाहीत.

मोजताना ई-बर्ड या मोफत ॲपवर नोंद ठेवा. किती वाजता सुरुवात केली, किती वेळ पाहिलं, किती अंतर चाललात हे लिहा. दिसलेल्या सगळ्या जातींची पूर्ण यादी द्या आणि ‘बरेच’ न लिहिता आकडा टाका. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्ष्यांचा पुंजका नजरेत घ्या, असे किती पुंजके आहेत ते मोजा. ठरलेल्या ठिकाणी दर महिन्याला एकदा जा. सुंदर पक्षी दिसल्याच्या दिवशीच नोंद केली तर ती माहिती एकांगी होते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात सहभागी व्हा. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं तर रंग, क्रम, अक्षरं आणि कोणता पाय हे टिपून, छायाचित्रासह मुंबईच्या बीएनएचएस या संस्थेला कळवा. छायाचित्रासाठी थवा उडवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि परतीसाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाण महाग पडतं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

महाराष्ट्रातल्या मुलींना अदिती पंत हे नाव माहीत असायला हवं. १९४३ मध्ये नागपुरात जन्म, पुणे विद्यापीठाची पदवी, पुढे हवाई आणि लंडनला सागरविज्ञानाचं शिक्षण, आणि मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह त्या अंटार्क्टिकावर उतरल्या. भारतीय मोहिमेतून तिथे पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. नंतर अदिती पंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या, म्हणजे हिंजवडीपासून काही किलोमीटरवर.

त्याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे पहिलं भारतीय केंद्र उभं राहिलं. पुढे ते बर्फाखाली गेलं. आज शिर्माकर ओॲसिसमधलं मैत्री आणि त्याच्या सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेला, २०१२ मध्ये सुरू झालेलं भारती ही दोन केंद्रं चालतात. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डवर २००८ पासून हिमाद्री आहे. नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था मैत्रीवर वेधशाळा चालवते आणि हवामान विभागाचे निरीक्षक तिथे वर्षभर असतात.

जाण्याचे मार्ग दोन. पहिला संशोधनाचा. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आयसर पुणे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाशशास्त्र विभाग ही तुमच्या शेजारची दारं आहेत. संस्थेमार्फत एनसीपीओआरकडे प्रस्ताव जातो आणि तो मंजूर झाला तर मोहिमेत जागा मिळते. भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, भूशास्त्र यांतलं कोणतंही पक्कं शिक्षण उपयोगी पडतं, त्यामुळे अकरावीतच ‘अंटार्क्टिकाचा कोर्स’ शोधत बसू नका.

दुसरा मार्ग केंद्र चालवणाऱ्यांचा. डॉक्टर, वाहन मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, आचारी, दळणवळण सांभाळणारे यांच्याशिवाय तिथे एक दिवसही निघत नाही. एनसीपीओआर अशा जागांसाठी आपल्या संकेतस्थळावर जाहिरात देतं. निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि औलीला आयटीबीपीकडे बर्फातलं प्रशिक्षण असतं. उन्हाळी मोहीम काही महिन्यांची, हिवाळी मुक्काम वर्षाहून मोठा. घरच्यांशी मोकळेपणाने बोलूनच अर्ज करा, कारण मधल्या अंधाऱ्या महिन्यांत कुणाच्या आजारपणाला किंवा लग्नाला परतता येत नाही. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नका.

पर्यटक म्हणून जाण्याची ऐपत असेल तर पेंग्विनपासून पाच मीटर अंतर, बुटांची सफाई, काहीही न उचलणं आणि न टाकणं हे नियम अक्षरशः पाळा. जहाजावर प्रवाशांकडून नमुने आणि नोंदी घेणारे वैज्ञानिक उपक्रम असतील तर त्यात नाव द्या.

एकट्याने नको, गटाने करा

हे सगळं एकट्याने सुरू केलं की दोन महिन्यांत प्रकल्पाची डेडलाइन येते आणि सुटतं. म्हणून ऑफिसातले किंवा सोसायटीतले चौघे-पाचजण जमवा. एकाने आलेख सांभाळावा, एकाने दुसऱ्याचा कोड तपासावा, एकाने पक्ष्यांची यादी ठेवावी, एकाने दर महिन्याला मराठीत पानभर टिपण लिहावं. कंपनीत स्वयंसेवेसाठी तास राखून ठेवलेले असतील तर हे काम त्यात बसवून घ्या. बारावीच्या एक-दोन मुलांनाही बरोबर घ्या, कारण पुढच्या चाळीस वर्षांच्या नोंदी त्यांच्या हातून व्हायच्या आहेत.

ध्रुवांबद्दल आज आपल्याला जे ठामपणे सांगता येतं, ते कुणीतरी रोज, न चुकता, उत्सुकता ओसरल्यावरही नोंद करत राहिल्यामुळे. १९०१ पासूनचा भारतीय पाऊस असो किंवा १९७८ पासूनचा आर्क्टिकचा बर्फ, सातत्य नसतं तर बदल झाला हेही सिद्ध करता आलं नसतं. तुमच्याकडून अपेक्षा आहे ती याच सातत्याची. या शनिवारी एक तास काढा, वरच्यापैकी एकच काम निवडा आणि ते वर्षभर सोडू नका.